चौथा रकाना

गुरुवारी संध्याकाळी छापखान्याच्या बाईंचा निरोप आला, तेव्हा भिंगरीला शाळेच्या बास्केटबॉल संघाची कप्तान होऊन जेमतेम तीन तास झाले होते आणि ती जमिनीला पाय टेकवायला तयार नव्हती. भिंगरी हे तिचं घरातलं नाव. एका जागी न बसणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करतानाही तिला घाम फुटायचा. यंदा एकाएकी तिची अशी खात्री पटली होती, की जगात जे काही बिघडलंय ते आपण मनावर घेतलं तर दोन दिवसांत ताळ्यावर येईल.

आणि नेमकं त्याच आठवड्यात घरातलं काहीतरी बिघडलं.

बाबा प्रुफं तपासायचे. पण कथा-कादंबऱ्यांची नव्हे. औषधाच्या खोक्यात आठ घड्या घातलेला पातळ कागद असतो ना, कुणीही न वाचता फेकून देतं तो, त्याची. कुणी किती गोळ्या घ्यायच्या, कधी घ्यायच्या, कुणी अजिबात घ्यायच्या नाहीत. "कोणी वाचत नाही," बाबा म्हणायचे, "पण ज्या दिवशी एखाद्याला वाचावं लागतं, त्या दिवशी त्यात चूक असून चालत नाही." चौदा वर्षं ते हे काम करत होते. पहिली अकरा वर्षं छापखान्यात बसून आणि मग तीन वर्षं घरून. "जाण्यायेण्याचा कंटाळा आला," असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं आणि कुणी पुढे काही विचारलं नव्हतं.

बाईंचा निरोप असा होता: येत्या शनिवारपासून पानं ईमेलवर येणार नाहीत. छापखान्याच्या नव्या वेबसाइटवरून उतरवून घ्यायची, तपासायची, तिथेच परत चढवायची. पहिली खेप चोवीस पानांची, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी तसं कळवावं, म्हणजे काम दुसऱ्या कुणाला देता येईल.

घरातल्या कॉम्प्युटरने ती वेबसाइट उघडायला साफ नकार दिला. पांढऱ्या पानावर एकच ओळ आली: तुमची प्रणाली जुनी आहे. ज्या कंपनीची ती प्रणाली होती तिने तिला कधीच वाऱ्यावर सोडलं होतं.

"जुन्यातच काही करता येणार नाही का?" बाबांनी विचारलं.

"बाबा, तो मेलाय. फक्त त्याला अजून कुणी कळवलेलं नाही."

"अगं पण मला त्याची सवय आहे."

"नव्याची होईल! दुसरी प्रणाली घालू, लिनक्स. फुकट असतं, कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं. जुन्या मशीनवरही पळतं. माझ्यावर सोडा."

आई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायची. कामावरून आल्यावर तिच्या बोटांना खडूचा पांढरा थर असायचा. हात धुता धुता ती म्हणाली, "हिच्या उत्साहावर कुणीतरी झाकण ठेवा रे. आणि काय करायचं ते कर, पण टेबल हलवायचं नाही. खुर्ची हलवायची नाही. बाबांची वस्तू जागची हलली तर माझ्याशी गाठ आहे."

आईचं हे नेहमीचंच होतं. पाण्याचा पेला खिडकीच्या उजव्या टोकाला, चष्म्याचं घर रेडिओवर, चपला दाराच्या डाव्या बाजूला भिंतीला चिकटून. भिंगरीने एकदा सोफा खिडकीकडे सरकवला, तेव्हा आईने असा काही दांडपट्टा चालवला होता, की तिला वाटलं सोफ्याखाली खजिनाच असणार.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत भिंगरीने शाळेच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर ठाण मांडलं. लिनक्स एक नसतं, शेकड्यांनी असतात, हे कळल्यावर कुणाचीही छाती दडपली असती. हिची मात्र फुगली. नवशिक्यांसाठी कुठलं चांगलं, यावर जगभरची माणसं तावातावाने भांडत होती. तिने वहीत यादी केली. दिसायला कसं, सोपं किती, मशीन जुनं असेल तर झेपेल का. शेवटी तिघी उरल्या. त्यांची खरी नावं तिला कोरडी वाटली, म्हणून तिने आपली ठेवली: जांभळी, निळी आणि करडी.

शाळा सुटल्यावर ती कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या काकांकडे गेली. काकांचं दुकान इतकं अरुंद होतं, की गिऱ्हाईक आत आलं की काकांना पोट आत घ्यावं लागायचं.

"लिनक्स? कुणाला हवंय?"

"बाबांना."

"त्यांना काय काय येतं?"

"टाइप करतात, बघायची गरजसुद्धा लागत नाही त्यांना. पानं तपासतात. बस्स."

"म्हणजे नवखेच."

"नवखेच म्हणा."

काकांनी तिन्ही प्रणाली तीन पेनड्राइव्हवर चढवून दिल्या. देताना मात्र एक पेनड्राइव्ह हातातच धरून ठेवला. "ऐक, कप्तानबाई. हे मशीनमध्ये खोचायचं आणि मशीन चालू करायचं. डिस्कवर काही न घालता प्रणाली नुसती चालवून बघता येते. आवडली तर मग घाल. पण तोवर ती पाहुणी असते, काय? मशीन बंद केलंस की आपलं चंबूगबाळं उचलून चालती होते. मागे काडीसुद्धा ठेवत नाही."

"माहितीये हो काका."

"आणि तुला आवडेल ती घेऊ नकोस. त्यांना जमेल ती घे."

"तेच बघतेय ना!"

"तू बघू नकोस. त्यांना बघू दे."

शनिवारी सकाळी आठला चाचणी सुरू झाली. आई कामावर गेली होती. आधी जांभळी आली. काय तिचा थाट! मागे संध्याकाळच्या आभाळासारखा रंग, डावीकडे उभी चित्रांची ओळ, खिडक्या अलगद उमलणाऱ्या. भिंगरीचा जीव तिथेच जडला. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी माउस धरला, सरळ खाली डाव्या कोपऱ्यात नेला आणि क्लिक केलं. तिथे काहीच नव्हतं. पुन्हा केलं.

"तिथे काय करताय? वर बघा, वर!"

"हं," बाबा म्हणाले. "छान आहे."

निळीच्या वेळीही तेच. माउस खाली डावीकडे, क्लिक, काही नाही, "छान आहे." भिंगरीला हसूही आलं आणि वैतागही. अकरा वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका काढणारा माणूस, आणि समोरचं बटण दिसत नाही!

तिसरी करडी. नावाप्रमाणेच रंगाने फिकी, खाली आडवी पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात बटण, थेट जुन्या प्रणालीसारखं. बाबांचा माउस कोपऱ्यात गेला, क्लिक झालं, यादी उघडली. त्यांच्या खांद्यांतला ताठपणा ओसरला.

"ही चालेल," ते म्हणाले.

"ही? बाबा, ही तर आजारी माणसासारखी दिसते!"

"असू दे. ही चालते."

घड्याळात सव्वानऊ वाजले होते आणि साडेनऊला सराव होता. कप्तानच उशिरा गेली तर काय शोभा? भिंगरी एका पायात बूट घालून दुसऱ्याच्या शोधात घरभर उड्या मारत होती आणि त्या उड्यांतच बोलत होती. "ठीक आहे, मग हिच्यात जरा फिरून बघा, ती वेबसाइट उघडते का बघा, नुसतं बघायचंय हां, अजून पक्कं काही नाही, मी आल्यावर ठरवू!" दार आपटलं. शेवटचे शब्द जिन्यात गेले.

बाबांनी वेबसाइट उघडून पाहिली. उघडली. पानं उतरवली. उतरली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागले.

दीड वाजता भिंगरी घामाने निथळत आणि गाणं म्हणत घरी आली. बाबा स्वयंपाकघरात पाणी पीत उभे होते. स्क्रीनवर करडी प्रणाली मख्खपणे पसरली होती, एकही खिडकी उघडी नव्हती. भिंगरी रस्ताभर एकच विचार करत आली होती: जांभळीला एक संधी द्यायचीच. बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नाही. तिने करडीचा पेनड्राइव्ह उपसला, जांभळीचा खोचला आणि मशीन बंद करून चालू केलं.

पडदा काळा झाला. पुन्हा उजळला. संध्याकाळचं आभाळ आलं.

"बाबा, या ना! एकदा, शेवटचं!"

बाबा आले. "झाली बघ चोवीसही पानं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही हलकंफुलकं होतं की भिंगरीने मान वळवली. "निवायला ठेवलीयत. दोनला एकदा वरून नजर फिरवतो आणि पाठवतो."

ही बाबांची छापखान्यातली पद्धत. पान तपासलं की लगेच हातावेगळं करायचं नाही. बंद करायचं, अर्धा तास दुसरं काही करायचं, मग ताज्या मनाने पुन्हा बघायचं. याला ते पान निवू देणं म्हणायचे.

"कुठे ठेवलीत?" भिंगरीने विचारलं.

"तिथेच. त्या नव्या प्रणालीत."

"बाबा, ती नुसती चालवून बघायची होती. ती बंद केली की आतलं सगळं जातं. मी सांगितलं होतं ना, पक्कं काही नाही म्हणून!"

बाबा स्क्रीनजवळ वाकले.

"आणि स्क्रीनवर लिहिलं होतं की! वर उजव्या कोपऱ्यात एवढी मोठी पिवळी पाटी होती! 'ही फक्त चाचणी आहे, इथे ठेवलेलं टिकणार नाही.' दिवसभर होती ती तिथे!"

"कुठे?" बाबांनी विचारलं.

तिने तणतणत जांभळी बंद केली, करडी पुन्हा चालू केली. पाटी आली. पिवळीधम्मक, तळहाताएवढी. "ही काय!"

बाबा खुर्चीत बसले. आणि मग त्यांनी जे केलं ते भिंगरीने पूर्वी शंभरदा पाहिलं असेल, पण बघितलं आज. त्यांनी मान डावीकडे नेली, सावकाश उजवीकडे आणली, किंचित खाली घेतली, परत डावीकडे नेली. कुलपाच्या भोकातून अख्खी खोली बघायची असेल तर माणूस करेल तसं. चौथ्या फेरीला नजर पाटीवर आली.

"अरे," ते म्हणाले. "आहे खरी."

भिंगरीने माउस हातात घेतला. "बाबा, मध्ये बघा. डोळे हलवायचे नाहीत. बाण दिसतोय?"

"दिसतोय."

तिने तो अगदी हळू उजवीकडे नेला. "आता?"

"दिसतोय. दिसतोय... गेला."

"आता डावीकडे."

"गेला."

वर. गेला. खाली. गेला. तिने आपला पंजा स्क्रीनला लावला. चार बोटं. मधली चार बोटं रुंद जागा. तेवढंच जग होतं. त्याच्या पलीकडे ना अंधार होता ना धुकं, बाबांनी नंतर सांगितलं, काहीच नव्हतं. पाठीमागे जसं काही दिसत नाही, तसं.

"काचबिंदू आहे," बाबा म्हणाले. "तुला माहितीये. थेंब घालतो की."

"थेंब घालता एवढंच माहितीये! मला वाटलं थेंबांनी बरं होतं!"

"थेंबांनी थांबतं. म्हणजे, हळू होतं. गेलेलं येत नाही." ते जरा हसल्यासारखं करत म्हणाले, "पण मधलं छान दिसतं हं. मधलं अजून पहिल्यासारखं आहे. अक्षर अन् अक्षर. म्हणून तर काम चालतं."

खिडकीच्या उजव्या टोकाचा पेला. रेडिओवरचं चष्म्याचं घर. खाली डाव्या कोपऱ्यातलं बटण. भिंगरीच्या डोक्यात एकेक वस्तू आपापल्या जागी जाऊन बसायला लागली आणि तिला रडू फुटलं. पण ती कप्तान होती, आणि घड्याळात दोनला पाच कमी होते.

"चोवीस पानं," तिने नाक पुसलं. "तीन तास आहेत. मी मदत करते. पानं पुन्हा उतरवून घेऊ, मूळ प्रत मी मोठ्याने वाचते, तुम्ही छापायला जुळवलेलं पान बघा. आणि प्रत्येक पान झालं की वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवते, आता तर बापजन्मात जाणार नाही."

"जमेल?"

"न जमायला काय झालं!"

आणि खरंच जमत होतं. ती वाचत होती, बाबा ओळीवरून ओळीवर सरकत होते, मध्येच थांबवत होते, "इथे पूर्णविराम दोनदा पडलाय," "हा शब्द तुटलाय," आणि त्यांची बोटं न बघता किल्ल्यांवर धावत होती. एवढं बारीक अक्षर! भिंगरीला दोन्ही डोळ्यांनी धड दिसेना ते बाबा चार बोटांच्या भोकातून टिपत होते. तिच्या मनात योजनाही तयार झाली. रोज शाळेतून आल्यावर दोन तास. बटणं सगळी खाली डावीकडे आणून ठेवायची. पाट्या, खिडक्या, जे काही उगवेल ते मध्येच उगवेल असं करायचं. कुणाला काही कळायचं कारण नाही.

साडेतीनला सोळा पानं झाली होती. सतरावं पान खोकल्याच्या औषधाचं. त्यावर मात्रेचा तक्ता होता.

"हे मी ओळखतो," बाबा म्हणाले. "याची मांडणी पाठ आहे मला. पहिला रकाना वयाचा, दुसरा मात्रेचा, तिसरा किती वेळा ते. वाच."

भिंगरीने वाचलं. बाबा खाली खाली सरकत गेले. "बरोबर. बरोबर. बरोबर. पुढचं पान."

"थांबा ना, चौथा राहिला."

"चौथा काय?"

"चौथा रकाना."

"याला तीनच असतात."

"चार आहेत, बाबा. उजवीकडे. 'दोन वर्षांखालील मुलं, वजनाप्रमाणे.' नवीन घातलेला दिसतोय." तिने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीवर अडखळली. मूळ प्रतीत अडीच मिलिलिटर होतं. तपासायच्या पानावर दोनाच्या आणि पाचाच्या मधलं टिंब पडलेलंच नव्हतं.

"पंचवीस लिहिलंय," ती म्हणाली.

बाबांनी मान उजवीकडे नेली. रकाना त्यांच्या भोकात आला. ते त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"सकाळी मी हे पान बरोबर म्हणून ठेवलं होतं," ते म्हणाले.

"मग गेलं तेच बरं झालं! आता सापडलं ना? दुरुस्त करा, बाबा. मी आहे ना आता. आपण दोघं मिळून करू. बाईंना काय कळणार?"

"गेल्या महिन्यात तापाच्या औषधाचं पत्रक केलं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "हीच मांडणी. मी तीन रकाने तपासले."

"त्याला तीनच असतील."

"असतील."

"मग?"

"चार असतील तर?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडीची शिट्टी एकसारखी वाजत होती. भिंगरीने बाबांचा हात घट्ट धरला. "आता फोन करू नका. आधी ही पानं पाठवू. मग ती जुनी फाइल शोधू, आपली आपण बघू. जुन्या डिस्कवर असेलच. चार नसतील तर कशाला स्वतःहून सांगायचं? काम जाईल, बाबा!"

"किती वेळ लागेल शोधायला?"

"अर्धा तास. तास. मला काय माहीत!"

"आणि त्या तासात खोकी निघाली तर?" बाबांनी हात सोडवून घेतला. "भिंगरे, कुणाच्या तरी घरात तापाने फणफणलेलं पोर असतं आणि त्याची आई तो कागद उलगडते. तिला माझ्या कामाचं काय देणंघेणं?"

फोन रेडिओच्या डाव्या बाजूला होता. तिथेच असायचा. बाबांनी न चाचपडता उचलला.

"बाई, मी बोलतोय. हो, वेबसाइट उघडली. पानं नाही, वेगळं सांगायचंय." ते थांबले. "मला बाजूचं दिसत नाही. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. तीन वर्षं झाली. आता फारच कमी झालंय. गेल्या महिन्यातलं तापाच्या औषधाचं पत्रक पुन्हा तपासून घ्या. मात्रेच्या तक्त्याला चौथा रकाना असेल तर तो मी पाहिलेला नाही."

पलीकडून बाईंचा आवाज आला, घाबरलेला आणि घाईचा. "छापून झालंय ते. खोकी भरायला गेलीत. बघते मी, थांबवते. तुम्ही... तीन वर्षं?"

"हो."

"आणि बोलला नाहीत?"

"नाही बोललो."

"आजची पानं राहू द्या. पाठवू नका. मी दुसऱ्या कुणाकडे देते."

"सतराव्या पानावर बघा तेवढं," बाबा म्हणाले. "अडीचचे पंचवीस झालेत." पण तोवर फोन ठेवला गेला होता. त्यांनी तेच भिंगरीकडून निरोप म्हणून टाइप करून पाठवून घेतलं. उत्तर आलं नाही.

संध्याकाळी आई आली. चपला काढतानाच तिला घरातली हवा कळली. भिंगरी तिच्यावर तुटून पडली. "तुला माहीत होतं! सगळं जागच्या जागी, जागच्या जागी! मला का नाही सांगितलं?"

"माहीत होतं," आई म्हणाली. "हळू बोल."

"चार बोटं, आई! चार बोटांएवढंच दिसतं त्यांना!"

आईचा हात दारावरच राहिला. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा बरोबर समोर, खुर्चीत, मान खाली घालून बसले होते.

"मला आठ सांगितली होती," आई म्हणाली.

मग ती आत गेली आणि बराच वेळ नुसता नळ वाहत राहिला.

बुधवारी बाईंचा फोन आला. तापाच्या पत्रकात चौथा रकाना होता. आणि तो बरोबर होता. खोकी तीन दिवस अडकली, साहेब चिडले, पण चूक काही निघाली नाही. सांगितलंत ते चांगलं केलंत, असंही बाई म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या. डोळ्यांची काळजी घ्या म्हणाल्या. कामाचं काही म्हणाल्या नाहीत.

"वाचलो!" भिंगरी ओरडली. "बाबा, बरोबर होता!"

"हो," बाबा म्हणाले. "मी न बघताच बरोबर होता."

त्या आठवड्यात ती बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. आई कामावरून सुट्टी काढू शकली नाही. डॉक्टरांनी कागदावर दोन वर्तुळं काढून दाखवली, गेल्या वेळचं आणि आताचं. तिसरं त्यांनी काढलं नाही. "घरी कॉम्प्युटर वापरतात का? मग ऐकून वापरायची सवय आत्तापासून करा," ते म्हणाले. "दिसतंय तोवर शिकलेलं सोपं जातं."

मग भिंगरीने यादी पुन्हा काढली. दिसायला कशी, हा मुद्दा खोडला. सोपी किती, हा ठेवला, पण त्याचा अर्थ आता दुसराच होता. रविवारी सकाळी तिने आईची ओढणी डोळ्यांवर बांधली आणि एकेक पेनड्राइव्ह लावून बघितला. कसोटी एकच: मशीन चालू करण्यापासून एक पत्र लिहून ठेवेपर्यंत, न बघता, पडद्यावरचं मशीन मोठ्याने वाचून दाखवेल तेवढ्याच्या आधाराने. निळीने तोंडच उघडलं नाही. करडी बोलली, पण यादीत शिरल्यावर कुठे उभी आहे ते सांगेना. भिंगरी त्या यादीत वीस मिनिटं हरवली, तिला घाम फुटला आणि शेवटी तिने ओढणी ओरबाडून काढली. खोलीतला सगळा उजेड एकदम अंगावर आला. हे बाबांना करता येणार नव्हतं. ती रडली, तोंड धुतलं आणि पुन्हा ओढणी बांधली.

जांभळी पहिल्यापासून बोलली. तीन किल्ल्या एकदम दाबल्या की झालं. कुठे आहोत, काय समोर आहे, काय दाबायचं, सगळं सांगत गेली. प्रणाली डिस्कवर पक्की घालतानासुद्धा. म्हणजे भिंगरीला पहिल्या दिवशी जिची भुरळ पडली होती तीच. फक्त तिचं ते संध्याकाळचं आभाळ आता कुणी बघणार नव्हतं.

"डिस्कवरचं जुनं सगळं पुसून टाकू का, असं विचारतेय," भिंगरी म्हणाली. "तुमची सगळी तपासलेली पानं आहेत त्यात. दुसरीकडे काढून ठेवू?"

"कुणाला वाचायचीयत?" बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "काढून ठेव."

तिने ठेवली. मग पुसलं, घातलं. दुपारी बाबा खुर्चीत येऊन बसले. भिंगरीने अक्षरं मोठी करायची सोय दाखवायला घेतली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.

"पडदा बंद कर."

"अजून दिसतं ना तुम्हाला, मधलं."

"दिसतं. म्हणूनच बंद कर. दिसतंय तोवर मी बघत बसणार."

तिने बटण दाबलं. काळ्या काचेत दोघांचे चेहरे उमटले. मशीन त्याच्या निर्जीव, ठोकळेबाज आवाजात यादी वाचायला लागलं, जोडाक्षरं फोडत, भलत्याच ठिकाणी थांबत. चौदा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सरळ करणाऱ्या बाबांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय वाचन आहे?" ते पुटपुटले आणि बाणाची किल्ली दाबली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा मशीन भलत्याच खोलीत शिरलं. बाबा थांबले. त्यांची बोटं किल्ल्यांच्या वर हवेत राहिली.

भिंगरीला उत्तर माहीत होतं. ते तिच्या जिभेवर उड्या मारत होतं. डावीकडची वरची किल्ली, एकदाच. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

बाबा चुकले. परत सुरुवातीला आले. पुन्हा चुकले. आत आईच्या कात्रीचा आवाज येत होता, सलग, लांबच लांब.

"सुरुवातीपासून," बाबा स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी पहिली किल्ली शोधली.